अमेरिकेतला गुरांचा आठवडी बाजार : गावोगावी 'सेल बार्न' का असतात?

सोमवारी संध्याकाळचा चहा झाला की मी कधीकधी मोबाइलवर ओक्लाहोमा सिटीचा गुरांचा बाजार लावून बसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा वाजतात तेव्हा तिथे सकाळचे आठ झालेले असतात आणि लिलावाला तोंड फुटतं. शाळेच्या वर्गाएवढं रिंगण, भोवती लोखंडी पाइपांचं कुंपण, त्यामागे जुन्या थिएटरसारख्या चढत्या खुर्च्या. एका बाजूचं दार उघडतं, आठ-दहा काळी वासरं धडपडत आत येतात, एक माणूस हातातल्या फळीने त्यांना गोल फिरवतो. वरच्या पाटीवर तीन आकडे उमटतात: नग किती, एकूण वजन किती, सरासरी वजन किती. उंच ओट्यावर बसलेला लिलावदार माइकमध्ये जे काही सुरू करतो, ते भजन आहे की भांडण हे पहिल्या दिवशी मला कळेना. अर्ध्या मिनिटात दुसरं दार उघडतं, वासरं बाहेर जातात, पुढची आत येतात. पंधरा-वीस हजार डॉलरचा सौदा झालेला असतो, आणि खुर्चीतल्या एकानेही हात वर केलेला मला दिसलेला नसतो.

ज्याने काष्टीचा शनिवारचा बाजार पाहिलाय, त्याला हे जरा उलटंच वाटेल. आपल्याकडे भाव ठरतो तो उपरण्याखाली. दोघांचे हात आत, बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो. तिकडे भाव माइकवर, सगळ्यांदेखत. बाकी मात्र बरंच ओळखीचं आहे. ठरलेला वार आहे, अडत आहे, गाईच्या तोंडात हात घालून दात बघणं आहे, आणि बाजाराच्या दिवशी गावातल्या खानावळीत बसायला जागा न मिळणंही आहे.

ओक्लाहोमा सिटीचा बाजार मोठा. १९१० पासून चालू असलेला, आणि पुढे चारून वाढवायच्या जनावरांचा जगातला सर्वांत मोठा म्हणून ओळखला जाणारा. पण या लेखाचा विषय त्याची लहान भावंडं आहेत: आडगावांतली, पत्र्याच्या छपराची, मागे लाकडी-लोखंडी कोंडवाड्यांचा पसारा असलेली लिलावघरं. लोक त्यांना 'सेल बार्न' म्हणतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथली बहुतेक गुरं दुधाची नाहीत, मांसासाठी वाढवलेली आहेत. शिवाय दूध आटलेल्या भाकड गाईही इथेच येतात. तिकडे हा उघड, सरळ शेतीधंदा आहे.

किती आहेत?

देशभरात नियमित लिलाव करणारी अशी लिलावघरं हजाराच्या वर आहेत. गुरांच्या पट्ट्यात, म्हणजे टेक्सासपासून वर ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, दोन्ही डकोटा, मोंटाना आणि पूर्वेला मिझुरी-केंटकीपर्यंत, शेतकऱ्याला सकाळी ट्रेलर जोडून तासा-दोन तासांत कुठल्या तरी बार्नला पोचता येतं.

हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून नेब्रास्कातल्या चेरी काउंटीकडे बघू. क्षेत्रफळ साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा एवढाच आहे. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती. चेरी काउंटीत आहेत साडेपाच हजारांच्या आसपास. मांसासाठी पाळलेल्या गाई मात्र दीड लाखाच्या वर. काउंटीचं मुख्य गाव व्हॅलेंटाइन, तिथे बार्न आहे आणि बाजार गुरुवारी. पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर बॅसेट, तिथे बुधवारी. उत्तरेला साउथ डकोटात फिलिपला मंगळवारी, फोर्ट पिअरला शुक्रवारी. दक्षिणेकडे बरवेलला बार्न आहेच, आणि त्याच्याही पलीकडे एरिक्सन नावाचं खेडं आहे. वस्ती शंभराच्या आसपास, पण गुरांचं लिलावघर आहे. ज्या गावात पोरांना खेळायला दुसरा गडी मिळायची मारामार, तिथे हंगामात हजारोंनी जनावरं विकली जातात.

वार वेगवेगळे का, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बेल्ह्याचा बाजार सोमवारी, लोणीचा बुधवारी, सांगोल्याचा रविवारी. व्यापाऱ्याला सगळे धरता यावेत म्हणून. तिथेही तेच. खरेदीदार मोजकेच असतात आणि ते फिरते असतात. शेजारच्या दोन बार्नांनी एकच वार धरला तर दोघांचीही बोली पडेल.

गुरं जास्त म्हणून बार्न जास्त? तसं नाही

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. वाटतं की जिथे जनावरं जास्त तिथे लिलावघरं जास्त. पण जनावरं ठासून भरलेली असतात ती 'फीडलॉट'मध्ये, म्हणजे मका चारून गुरं जाड करायच्या मोठमोठ्या वाड्यांत. टेक्सासच्या वरच्या टोकाला आणि पश्चिम कॅन्ससमध्ये एकेका फीडलॉटमध्ये पन्नास हजार, कधी त्याहून जास्त जनावरं उभी असतात. ती विकायला लिलावघर लागत नाही. मांस कंपनीचा खरेदीदार थेट वाड्यावर येतो, किंवा तेवढीही गरज नसते. करार आधीच झालेला असतो आणि भाव सूत्राने ठरतो. तयार गुरांच्या कत्तलीतला सुमारे ८५ टक्के वाटा चार कंपन्यांच्या हातात आहे: टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ. अशा दोन मोठ्यांच्या मधे रिंगण कशाला हवं?

रिंगण लागतं ते लहान माणसाला. बार्न किती दाट आहेत यावरून कळतं ते तिथे लहान गाईवाले किती आहेत.

अमेरिकन म्हटलं की हजारो गुरं हाकणारा, मोठ्या टोपीचा मालक डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तिथल्या सरासरी कळपात चाळीस ते पन्नासच्या मधे गाई असतात. बरेच जण नोकरी सांभाळून गाई पाळतात: कुणी शाळेत शिकवतो, कुणी ट्रक चालवतो. अशा एका चाळीस गाईवाल्याचा हिशोब मांडू. वर्षाला छत्तीसेक वासरं जगली असं धरा. निम्मे गोऱ्हे, निम्म्या कालवडी. पाच-सहा कालवडी तो कळपासाठी ठेवणार. शरद ऋतूत वासरं आईपासून तोडली की विकायला उरतात अठरा बडवलेले, म्हणजे खच्ची केलेले, गोऱ्हे आणि बारा-तेरा कालवडी. त्यातही कुणी मार्चमध्ये जन्मलेला, कुणी मेमध्ये. कुणी साडेचारशे पौंडांचा, कुणी सहाशेचा.

आता फीडलॉटवाल्याची गरज बघा. त्याला एका मापाची, एका वयाची जनावरं हवीत, आणि ट्रक भरून हवीत. गुरांचा मोठा दुमजली ट्रक साधारण पन्नास हजार पौंड माल नेतो, म्हणजे बावीस-तेवीस टन. पाचशे पौंडी वासरं धरली तर एका ट्रकला शंभर लागतात. आपल्या गड्याकडे आहेत अठरा, तीही लहानमोठी. त्याच्या दारात कुणी ट्रक पाठवणार नाही.

हा सांधा जुळवतो तो बार्न. तीस शेतकऱ्यांची वासरं एका दिवशी एका छपराखाली येतात. तिथे दर आठवड्याला ठरलेल्या खुर्चीत बसणारी माणसं असतात, 'ऑर्डर बायर'. आपल्याकडे गुरांचा व्यापार करणाऱ्याला हेडी म्हणतात. हा तसाच, पण बहुतेकदा दुसऱ्याच्या पैशाने घेणारा. कुणा फीडलॉटने फोनवर सांगितलेलं असतं: सहाशे पौंडी काळे गोऱ्हे, ऐंशी नग, भाव अमक्याच्या वर नको. तो या लॉटमधून सात, त्या लॉटमधून चार असं वेचत जातो. संध्याकाळपर्यंत मागच्या कोंडवाड्यात त्याचा ट्रक जमलेला असतो. त्याला मिळते ती वजनावर ठरलेली दलाली.

म्हणूनच मिझुरी, केंटकी, टेनेसी या हिरव्या, डोंगराळ, लहान शेतांच्या राज्यांत सेल बार्नचं जाळं चांगलं घट्ट आहे, जरी सिनेमातला काउबॉय तिथे कधी दिसत नाही. मिझुरीतल्या कार्थेजजवळचा जॉपलिन रीजनल स्टॉकयार्ड्स तर देशातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक आहे, तोही महामार्गाला लागून.

आधी रेल्वे, मग ट्रक

ही व्यवस्था पूर्वापार चालत आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात गुरं रेल्वेने जायची, आणि रेल्वे जायची शिकागोला. तिथला युनियन स्टॉक यार्ड्स १८६५ च्या नाताळच्या दिवशी सुरू झाला. कॅन्सस सिटी, ओमाहा, फोर्ट वर्थ, सू सिटी इथेही असेच प्रचंड बाजार उभे राहिले, आणि त्यांना खेटून कत्तलखाने. तिथे लिलाव नव्हता. शेतकरी माल अडत्याकडे पाठवायचा, अडत्या खरेदीदाराशी एकांतात भाव ठरवायचा. थोडक्यात, उपरणं नव्हतं पण व्यवहार उपरण्याखालचाच. शेकडो मैलांवर बसलेल्या शेतकऱ्याला पावतीवरचा आकडा मान्य करण्याखेरीज काय हातात होतं?

मग ट्रक आला, पक्के रस्ते आले. गुरं रेल्वे स्टेशनपर्यंत हाकत न्यायची गरज संपली आणि घराजवळच्या गावात बाजार भरवता येऊ लागला. १९३० च्या दशकात, ऐन मंदीत, लिलावघरं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. १९४० च्या दशकाच्या अखेरीला त्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली होती. त्यानंतर कत्तलखान्यांनीही शहर सोडलं आणि ते गुरांच्या पट्ट्यात गेले. मोठ्या बाजारांचं काम उरलं नाही. शिकागोचा १९७१ मध्ये बंद झाला, कॅन्सस सिटीचा १९९१ मध्ये, ओमाहाचा १९९९ मध्ये. फोर्ट वर्थच्या आवारात आता पर्यटक फोटो काढतात. ओक्लाहोमा सिटी टिकला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एकांतातली सौदेबाजी सोडून लिलाव धरला होता.

पैसे बुडणार नाहीत याची सोय

शेतकरी वासरं उतरवून घरी जातो. विकत घेणारा तीनशे मैलांवरचा. मधे बार्नवाला. पैसे मिळतील याची खात्री काय?

याचं उत्तर १९२१ च्या एका कायद्यात आहे: पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स ॲक्ट. तेव्हा पाच मांस कंपन्यांच्या मक्तेदारीवर चौकशी होऊन तो आला. (पाचाच्या शंभर वर्षांत चार झाल्या, हे जाता जाता.) सुरुवातीला तो मोठ्या आवारांनाच लागू होता, १९५८ च्या दुरुस्तीने आकाराची अट गेली आणि खेड्यातला बार्नही त्याखाली आला. या कायद्याखालचे नियम सरळ आहेत. विक्री झाली की लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर शेतकऱ्याचे पैसे रवाना झाले पाहिजेत. शेतकऱ्यांचा पैसा वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवायचा, बार्नच्या खर्चाच्या खात्यात मिसळायचा नाही. खरेदीदाराने सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर ती तूट बार्नवाल्याने स्वतःच्या खिशातून त्या खात्यात भरायची. जामीनरोखा हवाच. आणि वजनकाटा वर्षातून दोनदा तपासून घ्यायचा.

म्हणजे उधारीचा धोका शेतकऱ्याच्या डोक्यावरून उचलून बार्नवाल्याच्या डोक्यावर ठेवला. तो किती जड आहे हे २०१० मध्ये दिसलं. इंडियानातली ईस्टर्न लाइव्हस्टॉक ही देशातली मोठी गुरे-व्यापारी कंपनी कोसळली. तीस राज्यांतल्या सातशेहून अधिक विक्रेत्यांचे तेरा कोटी डॉलरच्या वर अडकले, आणि त्यात तिला माल विकलेले बार्नही होते. त्यानंतर बरीच वर्षं रेटा लावल्यावर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसने तरतूद केली की व्यापारी बुडाला तर त्याच्याकडची गुरं आणि त्यांचे येणे पैसे यांवर पहिला हक्क पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचा. आपल्याकडे बाजार समितीच्या आवाराबाहेर हुंडीवर माल देऊन बसलेल्या कुणालाही या तरतुदीचं मोल कळेल.

शेतकऱ्याच्या पट्टीतून काय काय कापलं जातं? बार्नची अडत, कोंडवाड्याचं भाडं, चारा, डॉक्टरची तपासणी लागली तर ती, पश्चिमेकडच्या राज्यांत जनावरावरचा मालकीचा डाग तपासण्याची फी, आणि दर जनावरामागे एक डॉलर गोमांसाच्या जाहिरात-संशोधनाच्या राष्ट्रीय निधीला. हा शेवटचा १९८५ च्या कायद्याने आला आणि त्यावर आजही कुरकुर चालू असते.

तो काय बडबडतो?

लिलावदाराच्या तोंडी खरे तर दोनच आकडे असतात: हातात आलेली बोली आणि मागितलेली पुढची बोली. मधले शब्द नुसती भरती, ठेका धरून ठेवण्यासाठी. कान सरावला की आकडे वेगळे ऐकू येतात. ही कला शिकवणाऱ्या शाळा आहेत, आणि १९६३ पासून गुरांच्या लिलावदारांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. पहिली डेन्व्हरला झाली होती.

बोली नगावर नाही, वजनावर. आपला क्विंटल तसा तिकडे 'हंड्रेडवेट', म्हणजे १०० पौंड, पंचेचाळीस किलोंच्या जरा वर. २०२५ मध्ये पाचशे पौंडी चांगल्या गोऱ्ह्याला हंड्रेडवेटला ४०० डॉलरच्या वर भाव गेला. म्हणजे एक वासरू दोन हजार डॉलर. भाव इतके चढले कारण कळप आटलेत: १ जानेवारी २०२५ ला देशात गाय-बैल-वासरं मिळून ८ कोटी ६७ लाख होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी. (आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत गोवंश १९ कोटींच्या वर होता.)

नवख्याला चकवणारी गोष्ट अशी की वासरू जड झालं की दर पौंडामागे भाव उतरतो. समजा पाचशे पौंडाला ४०० चा दर, सहाशे पौंडाला ३६०. पहिलं दोन हजाराचं, दुसरं २,१६० चं. शंभर पौंड चारून वाढवले, मिळाले १६० डॉलर. चाऱ्याला त्याहून जास्त गेले असतील तर आधीच विकलेलं बरं होतं. रिंगणाच्या कडेला कागदाच्या कपातली कॉफी पीत बसलेले म्हातारे हाच हिशोब करत असतात.

गाईंचं गणित वेगळं. गाभण आहे का, कितव्या महिन्यात, आणि दात. आपल्याकडे आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला म्हणतात. तिथेही डॉक्टर गाईला खोड्यात अडकवून जबडा उघडून बघतो आणि वय पाठीवर रंगाने लिहितो किंवा चिठ्ठी चिकटवतो. दात झिजलेली, गाभण नसलेली गाय थेट कत्तलीच्या भावाने जाते.

आणि हात वर केलेला का दिसत नाही? कारण शेजारच्या खुर्चीतला प्रतिस्पर्धी आहे. गुडघ्यावरचं एक बोट उचललं, टोपीखालून नजर टाकली, एवढ्यात बोली होते. लिलावदार प्रत्येकाची खूण ओळखून असतो.

रिंगणातला भाव कुठवर जातो

अनेक मोठ्या लिलावांत सरकारचा बातमीदार बसलेला असतो. तो जनावरांचा सांगाडा, अंगावरचं मांस, वजन आणि भाव टिपतो, आणि कृषी खाते तो अहवाल प्रसिद्ध करतं. शिकागोच्या वायदेबाजारातला वासरांचा सौदा शेवटी मिटतो तो बारा राज्यांतल्या अशाच नोंदलेल्या विक्रीच्या सात दिवसांच्या सरासरीवर. घरून थेट विकणारा मोठा रँचवालाही बोलणी सुरू करताना विचारतो, परवा बार्नला काय भाव निघाला? म्हणजे बार्नमध्ये पाय न ठेवणारे लोकही त्याच्याच भावावर चालतात, आणि त्या भावाचा खर्च मात्र अठरा गोऱ्हेवाला अडत भरून सोसतो. मला हे काहीसं अन्यायाचं वाटतं.

बार्नला दुखणीही आहेत. आईपासून कालच तोडलेली, लस न टोचलेली, तीस घरची वासरं एकत्र आली, ट्रकमध्ये कोंडली, की छातीचा आजार पसरतो. खरेदीदार हा धोका भावातून कापून घेतात. म्हणून बरेच बार्न आता खास दिवस ठेवतात: पंचेचाळीस दिवस आधी दूध तोडलेली, लसी पूर्ण झालेली वासरंच त्या दिवशी घ्यायची. त्यांना भाव चढा मिळतो. एकेकटं वासरू आणणाऱ्याला मात्र मार बसतोच, म्हणून काही बार्नवाले वेगवेगळ्या मालकांची सारखी वासरं जुळवून एकत्र विकून देतात.

मोठे रँचवाले १९८० च्या दशकापासून व्हिडिओ लिलावाकडे गेले. जनावर रानातच राहतं, पडद्यावर दिसतं, ट्रकच्या हिशोबाने विकलं जातं. तेव्हा बार्न संपले असं बोललं गेलं. संख्या अर्ध्याच्या आसपास आली खरी, पण जे उरले त्यांनी कॅमेरा आपल्याच रिंगणावर लावला. त्यामुळेच तर मी इथे बसून बघू शकतो.

बघायचं असेल तर सोमवारी बसा. थंडीत घड्याळ तासभर मागे जातं, तेव्हा आपल्याकडच्या साडेसातला. आवाज बंद ठेवा आणि आधी फक्त पाटीवरचं सरासरी वजन आणि भाव यांची जोडी वहीत उतरवत जा. वीसेक लॉट झाल्यावर वजन चढताना भाव कसा उतरतो ते कागदावर दिसायला लागेल. मग आवाज सुरू करा. एखादा लॉट फार स्वस्तात गेला असं वाटलं तर पुन्हा त्याच्याकडे नीट बघा. एखाद्याला शिंगं असतील, एखादा बडवायचा राहून गेला असेल, नाहीतर कोपऱ्यातला तो तांबडा लंगडत असेल.